चिमणीवर खटला भरण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवतात. यंदा ‘कायदा आणि न्याय’ या विषयाचे काही तास त्यांच्याकडे आले आहेत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “कायदा म्हणजे काय?” पोलीस, बेड्या, तुरुंग आणि फाशी, एवढीच उत्तरं आली. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘गुन्हा केला की शिक्षा होते.’ तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “बाई, माझ्या बाबांना पोलीस घेऊन गेले. म्हणजे ते वाईट आहेत का?” वर्ग एकदम गप्प झाला. “आपण नंतर बोलू,” असं म्हणून बाईंनी विषय बदलला. पुढे दोन पालकांनी तक्रार केली की एवढ्याशा मुलांना हे सगळं कशाला. मुख्याध्यापकांचं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी रंगमंचावर खटला सादर करावा आणि वर्गातली भांडणं सोडवायला एक ‘बालन्यायालय’ही सुरू करावं, असं त्यांना वाटतं. बाई विचारतात: या वयात हे शिकवावं का? शिकवलं तर मुलं घाबरतील का, की उलट उत्तरं द्यायला लागतील? आणि मी स्वतः कायदा शिकलेली नाही, मग हे शिकवणारी मी कोण?

प्रिय ताई,

पालक, मुख्याध्यापक आणि अभ्यासक्रम या सगळ्यांना थोडं थांबू दे. आधी त्या मुलाकडे जा.

वर्गासमोर तुम्ही विषय बदललात, त्यात मला चूक दिसत नाही. एवढ्या कानांसमोर त्याच्या घरची गोष्ट उलगडणं वाईट ठरलं असतं. पण त्याला दिलेलं ‘नंतर’ अजून आलेलं नाही, आणि मोठी माणसं गप्प बसली की मुलं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात. बहुतेक वेळा सगळ्यात वाईट तोच अर्थ लावतात. उद्याच त्याला बाजूला घ्या. बाबांना का नेलं, कधी नेलं, घरी कोण काय म्हणालं, यातलं काहीही विचारू नका. फक्त सांगा: “त्या दिवशी तू चांगला प्रश्न विचारलास, आणि मी त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. पोलीस एखाद्याला घेऊन जातात तेव्हा त्यांना काहीतरी तपासायचं असतं. नेलं म्हणजे त्या माणसाने गुन्हा केलाच, असं ठरत नाही. ते ठरवायचं काम न्यायालयाचं, आणि न्यायालयाला आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.”

तो कदाचित विचारेल, “आणि केलाच असेल तर?” तिथे खोटा धीर देऊ नका. ‘तुझे बाबा असं करूच शकत नाहीत’ हे तुम्हाला माहीत नाही, आणि उद्या वेगळं निघालं तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगा की एखादं काम चुकीचं असू शकतं, त्याची भरपाईही करावी लागते, पण त्यावरून आख्खा माणूस वाईट ठरत नाही, आणि ते तुझे बाबा आहेत ते आहेतच. एक गोष्ट तुमच्या माहितीसाठी. संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातल्या नवव्या कलमात अशाच मुलांचा विचार केलेला आहे. आईवडिलांपासून दूर राहावं लागलेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर, त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. आई किंवा वडील अटकेत वा तुरुंगात असतील, तर ते कुठे आहेत हे घरच्यांनी विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी सरकारवर आहे, पुन्हा मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर. त्या मुलाचा प्रश्न कुणाला अवघड वाटत असेल, पण जगाने तो विचारात घेतलेला आहे.

आता तुमच्या फळ्यावरच्या वाक्याकडे येते. ‘गुन्हा केला की शिक्षा होते.’ यात ‘गुन्हा’ आणि ‘शिक्षा’ यांच्या मधलं सगळंच गळून गेलंय. तक्रार, तपास, पुरावे, बचाव, सुनावणी, निकाल आणि त्यावर अपील, हे सगळं त्या दोन शब्दांच्या मधे घडतं. तीच न्यायव्यवस्था. ती वगळली की उरतं ते फक्त भय, आणि भय तर मुलं आधीच घेऊन आली होती: पोलीस, बेड्या, तुरुंग, फाशी. तुमचे सगळे तास मला त्या मधल्या जागेत खर्च झालेले बघायला आवडतील. शिक्षांची यादी मुलांना कळली नाही तरी चालेल. निकालाच्या आधी काय काय व्हावं लागतं, हे मात्र त्यांना कळलं पाहिजे.

‘मी कायदा शिकलेली नाही’ ही तुमची चिंताही इथेच बरीचशी सुटते. कलमांचे आकडे तुम्हाला पाठ असण्याची गरज नाही, ते देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. चौथीतल्या मुलाला हवा तो गाभा मोजका आहे. नियम सगळ्यांना सारखा, तो करणाऱ्यालाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. स्वतःच्याच भांडणात न्यायाधीश होता येत नाही. सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. निकाल चुकीचा वाटला तर वर दाद मागता येते. ही चौथी गोष्ट 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अकराव्या कलमात आहे, आणि ती समजायला कायद्याची पदवी लागत नाही. यापलीकडे कुणी काही विचारलं तर “मला माहीत नाही, मी विचारून सांगते” म्हणा, आणि खरंच विचारून सांगा.

पालकांच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: लहान मुलांच्या जगात न्यायाचा विषय अजून आलेलाच नाही, तो आपण बाहेरून आणतोय. तुम्ही रोज वर्गात असता, तुम्हीच सांगा. “बाई, हे बरोबर नाही,” “तिला दोनदा मिळालं,” “मी नव्हतो, तरी मलाच ओरडा बसला.” न्याय-अन्यायाचा विषय मुलं रोजच घेऊन येतात. फक्त आपण त्याला कुरबुर म्हणतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांबरोबर गोट्या खेळत त्यांना खेळाच्या नियमांबद्दल बोलतं केलं होतं. त्यांचा तो अभ्यास 1932 साली प्रसिद्ध झाला. हे नियम कुणी केले, ते बदलता येतील का, असं विचारल्यावर लहान मुलं म्हणायची की नियम पहिल्यापासूनच आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. मोठी मुलं म्हणायची, सगळ्यांचं एकमत झालं तर बदलू. त्याच अभ्यासात त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने दार ढकललं, दारामागे पंधरा कप ठेवलेत हे त्याला ठाऊक नव्हतं, सगळे फुटले. दुसऱ्याने आई घरी नसताना कपाटातला जॅम चोरून खायचा प्रयत्न केला, त्यात एक कप फुटला. जास्त दोषी कोण? सहा-सात वर्षांची बरीच मुलं म्हणाली, पंधरा फोडणारा. नऊ-दहाच्या आसपासची मुलं बहुतेक वेळा दुसऱ्याकडे बोट दाखवायची, कारण त्याच्या मनात काय होतं हे आता त्यांना महत्त्वाचं वाटू लागलं होतं. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की हेतू नीट उलगडून सांगितला तर याहून लहान मुलंही तो लक्षात घेतात.

म्हणजे तुमचा वर्ग नेमक्या त्याच उंबरठ्यावर आहे. ‘किती नुकसान झालं’ यावरून ‘का झालं’ याकडे मुलं स्वतःहून सरकत असतात, आणि फौजदारी कायद्यातला हेतूचा प्रश्नही हाच असतो: मुद्दाम केलं, निष्काळजीपणाने झालं, की निव्वळ अपघात? पालकांना बोलवा आणि ही कपांची गोष्ट त्यांनाच विचारा. मग मुलांनी काय उत्तरं दिली ते सांगा. वाद घालण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

दुसऱ्या तासाला तुरुंगाचं नावही काढू नका. मुलांना सांगा, सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत कायदा कुठे कुठे भेटला ते शोधून आणा. आधी म्हणतील, कुठेच नाही. मग एकेक सापडायला लागेल: पाकिटावर छापलेली मुदतीची तारीख, सिग्नल, गाडीतला पट्टा, औषधाच्या बाटलीवरची सूचना, जन्माचा दाखला, घराचा भाडेकरार, आणि या वयात कामावर न जाता शाळेत येता येणं हेसुद्धा. कायद्याचा फार मोठा भाग चोर-पोलिसांचा नसतोच. तो माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांचा, देण्याघेण्याचा आणि सुरक्षिततेचा असतो. हे कळलं की मुलांच्या मनातली बेड्यांची सावली बरीच हटते.

खटल्याचा खेळ मात्र जरूर घ्या. मुलांना तो फार आवडतो आणि त्यात सगळा विषय येतो. पण तो रंगमंचावर नको. कार्यक्रम म्हटला की संवाद पाठ होतात, निकाल आधीच ठरलेला असतो, आणि काळा कोट घातलेला मुलगा हातोडा आपटून “ऑर्डर, ऑर्डर” म्हणाला की टाळ्या पडतात. निकाल आधीच ठरलेला खटला आपण मुलांना कौतुकाने दाखवायचा? मुख्याध्यापकांना सांगा की खटला वर्गातच होईल, प्रेक्षक नसतील, आणि शेवट काय होणार हे तुम्हालाही माहीत नसेल.

आरोपी म्हणून मी सुचवेन चिमणीला. आपली तीच गोष्ट. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून गेलं. तो चिमणीच्या दाराशी आला, “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” चिमणी म्हणाली, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, बाळाला काजळ लावते. किती वेळ झाला, कावळा भिजतोय. शेवटी दार उघडलं, ऊब घ्यायला त्याला तापलेल्या तव्यापाशी धाडलं, आणि कावळा भाजला. इथेच कुणीतरी हात वर करून म्हणेल, “बाई, आमच्या आजीच्या गोष्टीत असं नाहीये, कावळ्याने चिमणीची अंडी खाल्ली.” त्याला गप्प करू नका. एकाच घटनेच्या दोन हकिकती समोर आल्या आहेत, आता यातली कुठली धरून चालायचं हे न्यायालय कसं ठरवेल, असा प्रश्न वर्गाला टाका. आणि मेणाच्या घरात तवा तापलाच कसा, असं एखादीने विचारलं, तर तिला सांगा की उत्तम वकील साक्षीदाराला नेमकं हेच विचारतो.

मग आरोप वेगळे करा. पावसात ताटकळत ठेवणं हा गुन्हा आहे की नुसता निष्ठुरपणा? वाईट वागणं आणि बेकायदा वागणं यांत फरक असतो, आणि या वयाची मुलं त्यावर तास तासभर हिरिरीने बोलू शकतात. दुसरा आरोप भाजल्याचा. तवा तापलाय हे चिमणीला माहीत होतं का? माहीत असून तिने सांगितलं नाही, की बाळाच्या गडबडीत विसरली? कावळ्याला नक्की काय हवंय: तिला शिक्षा, औषधपाण्याचा खर्च, की तिने चूक कबूल करणं? यातच फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक मुलांच्या हाती येतो, आणि हे जड शब्द फळ्यावर लिहायची वेळही येत नाही.

एक अडचण येणार हे आताच सांगते. न्यायाधीश व्हायला सगळे तयार असतील, पोलीस व्हायलाही. चिमणीची वकिली कुणालाच नको असेल. “तिने केलंय ना, मग तिच्या बाजूने कशाला बोलायचं?” तुमच्या सगळ्या तासांतला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, घाई करू नका. मुलांना विचारा, “तिने केलंय हे आपल्याला कुणी सांगितलं?” उत्तर येईल, कावळ्याने. “आणि चिमणीचं कुणी ऐकलं?” बचावाचा वकील गुन्ह्याची बाजू घेत नाही. समोर ठेवलेला प्रत्येक पुरावा तो घासूनपुसून पाहायला लावतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी होत नाही. अर्ध्या वेळाने बाजू बदला. जी मुलं कावळ्यासाठी तावातावाने बोलत होती त्यांनी आता चिमणीसाठी बोलायचं. न्यायाधीश एकटा नको, तिघे-चौघे असू देत. आणि कारण सांगितल्याशिवाय निकाल स्वीकारायचा नाही. हरलेल्या बाजूला ‘आम्ही का हरलो’ हे सांगता आलं, तर खेळ जमला असं समजा.

साक्षीपुराव्यासाठी एक वेगळा प्रयोग करून बघा. तास चालू असताना तुमच्या एखाद्या सहकाऱ्याने अचानक आत यावं, टेबलावरची एखादी वस्तू उचलावी, दोन शब्द बोलून जावं. नंतर मुलांना आपापसांत न बोलता जे पाहिलं ते लिहायला सांगा. काहींना विचारा, “त्यांच्या हातात काही होतं का?” आणि काहींना, “त्यांच्या हातातली पिशवी कुठल्या रंगाची होती?” पिशवी मुळात नव्हतीच. तरीही कुणी लाल लिहील, कुणी निळी. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी असाच प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवर केला होता. त्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात धडक जोरदार असल्याचं सुचवलं की वेगाचा अंदाज वाढायचा. आठवड्याने विचारलं तर फिल्ममध्ये मुळात नसलेल्या फुटक्या काचा पाहिल्याचंही त्यातल्या काही जणांनी सांगितलं. पिशवीचा रंग लिहिणारी मुलं खोटं बोलली नाहीत, हे वर्गाला स्पष्ट सांगा. त्यांना तसं खरोखर आठवलं. खरं बोलणारा माणूसही चुकू शकतो, म्हणून एका साक्षीवर विसंबायचं नसतं.

बालन्यायालयाबद्दल मी जास्त सावध आहे. मुख्याध्यापकांची कल्पना वाईट नाही, ती जुनी आणि थोर कल्पना आहे. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी वॉर्साच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवलं. तो आश्रम 1912 मध्ये सुरू झाला होता. न्यायाधीश मुलंच असत, आणि त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशांतून ती चिठ्ठ्या टाकून निवडली जात. मोठी माणसं मतदान करत नसत, पण त्यांच्यावर खटला मात्र भरता येत असे. खुद्द कोर्चाक त्या न्यायालयासमोर आरोपी म्हणून उभे राहिले आहेत. त्यांच्या संहितेतली पहिली नव्याण्णव कलमं सोडून देण्याची आणि क्षमा करण्याची होती. 1942 मध्ये नाझींनी त्या आश्रमातल्या मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले आणि तिथेच मारले गेले.

तुमच्या शाळेची यातल्या किती गोष्टींना तयारी आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. शिक्षकांवर तक्रार करता येईल का? क्षमेला शिक्षेपेक्षा जास्त जागा मिळेल का? नसेल, तर वर्गातली चारदोन वजनदार मुलं कायमची न्यायाधीश होतील, जे मूल आधीच एकटं आहे ते रोज आरोपी होईल, आणि तेही सगळ्यांसमोर. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे न्यायाच्या नावाखाली चालेल. यंदा खऱ्या मुलांवर खटले नकोत. चिमणी आणि कावळा पुरेसे आहेत. भांडण मिटवायला न्यायालयापेक्षा दोघांना समोरासमोर बसवून, एक बोलताना दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं, मग काय केल्याने बरं वाटेल ते दोघांनी सांगायचं, एवढी साधी पद्धत या वयाला जास्त मानवते.

उलट उत्तरांची तुमची भीती खरी आहे, आणि मी ती घालवणार नाही. हे सगळं नीट शिकवलंत तर मुलं प्रश्न विचारतीलच, आणि पहिले प्रश्न तुम्हालाच येतील. “बाई, दोघांनी गडबड केली, सगळ्या वर्गाची सुट्टी का बंद?” काय सांगाल? न केलेल्या गोष्टीसाठी सगळ्यांना एकत्र शिक्षा करायला 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या तेहेतिसाव्या कलमाने बंदी घातली आहे, आणि तीही युद्धात शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकांसाठी. तो करार शाळांना लागू नाही. पण युद्धातही जे गैर ठरतं, ते आपण वर्गात किती सहज करतो! तसंच ‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ दोन मुलं भांडत आली की हे वाक्य आपसूक तोंडात येतं, आणि चौकशी न करता अर्धा दोष मार खाणाऱ्याच्या पदरात पडतो. या दोन सवयी तुम्ही या सत्रात सोडल्यात, तर मुलं बाकीचे तास विसरली तरी चालेल असं मला मनापासून वाटतं. न्याय म्हणजे काय हे मुलं तुमच्याकडे बघून ठरवतात. धड्याचा नंबर त्यानंतर लागतो.

उद्धटपणा आणि दाद मागणं यांत फरक मात्र करावा लागेल, आणि तो मुलांना आधीच सांगून ठेवा. तासाच्या मधे ओरडून नाही, तास संपल्यावर येऊन किंवा चिठ्ठी लिहून सांगायचं, आणि तुम्ही दोन दिवसांत उत्तर द्यायचं. कधी तुमचा निर्णय बदलेल, कधी बदलणार नाही, पण कारण नेहमी मिळेल. अपील हा शब्द मुलांना आवडतो. त्यांना तो वापरू द्या.

कायदाच चुकीचा असेल तर? चौथीची मुलं हे विचारतात, आणि ‘कायदा पाळलाच पाहिजे’ एवढं सांगून ते मिटत नाही. त्यांना रूबी ब्रिजेसबद्दल सांगा. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणारे कायदे होते. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी घटनेच्या विरुद्ध ठरवली. तरी न्यू ऑर्लिन्समध्ये प्रत्यक्ष बदल व्हायला 1960 उजाडलं. त्या वर्षी 14 नोव्हेंबरला सहा वर्षांची रूबी, केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात, बाहेर ओरडणाऱ्या जमावातून चालत शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर एकट्या रूबीला शिकवलं. तुमच्या मुलांपेक्षा लहान मुलीची ही गोष्ट आहे, आणि तिच्यात सगळं येतं: चुकीचा कायदा, तो मोडून काढणारं न्यायालय, कागदावरचा निकाल आणि प्रत्यक्षातली सहा वर्षं, आणि वर्गात ठामपणे उभी राहिलेली एक शिक्षिका. ही गोष्ट सांगताना जमावाच्या शिव्या रंगवू नका, पण तो जमाव वगळूही नका.

एक तयारी विषय पुढे नेण्याआधी करून ठेवा. हक्कांबद्दल बोलायला लागलात की एखादं मूल तुमच्याकडे येऊन घरचं किंवा शेजारचं काही सांगण्याची शक्यता असते: मारहाण, नको तो स्पर्श, उपासमार. तेव्हा शांतपणे ऐका. “मग त्याने असं केलं का?” असे प्रश्न विचारू नका. पिशवीच्या रंगाचा प्रयोग आठवा, आपल्या प्रश्नातून मुलाच्या आठवणीत भर पडू शकते आणि पुढच्या तपासाला त्याची बाधा होते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगणार आहे, एवढं म्हणा. लगेच मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, आणि शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. तुमच्याकडे असं कळवण्याचा नियम काय आहे, हे मुख्याध्यापकांकडून आजच लेखी घ्या. खटल्याच्या खेळापेक्षा हे काम तातडीचं आहे.

वर्गात एक प्रश्नपेटी ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. आणि सगळ्यांसाठी एक नियम: या तासाला आपल्या किंवा दुसऱ्याच्या घरची माणसं उदाहरण म्हणून घ्यायची नाहीत. तो मुलगा त्या दिवशी जे बोलला त्यावरून कुणी त्याला चिडवत असेल तर तेही याच नियमात थांबवता येईल, त्याचं नाव न घेता. एखाद्या वकिलांना बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण आधी भेटून सांगा की खुनाच्या हकिकती नकोत, त्यांचा रोजचा दिवस कसा जातो ते सांगा. न्यायालय पाहायला नेण्याची परवानगी मिळाली तर कामकाज नसतानाची रिकामी खोली दाखवा. कोण कुठे बसतं हे मुलांना खरोखर बसून बघता येतं, आणि खऱ्या माणसांच्या अडचणीच्या प्रसंगी आपण प्रेक्षक म्हणून जात नाही.

गुण देऊ नका. द्यावेच लागले तर व्याख्या विचारू नका. एक छोटी गोष्ट द्या, शेवटी निकाल द्या, आणि एकच प्रश्न विचारा: “या निकालाआधी कुणाचं ऐकायचं राहिलं?”

पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत मुलं काय शिकणार आहेत ते चार ओळींत लिहा, तुरुंग आणि शिक्षा हा विषय नाही हेही लिहा, आणि कुणाच्या घरी सध्या पोलीस किंवा न्यायालयाशी संबंधित काही चालू असेल तर कारण न सांगता फक्त ‘जपून घ्या’ एवढं कळवायला सांगा. अशी चिठ्ठी एकाच घरातून येईल असं समजू नका.